पूर्ण जोर लावला का नाई? जखमी कामगाराची वजन उचलायची टेस्ट घेताना काय काय पाहावं

मी यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावात फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. माझ्याकडे येणारे पेशंट म्हणजे जिनिंगमधले, दालमिलमधले, बाजार समितीतले हमाल, सिमेंटच्या गोदामातले, रेती भरणारे, आणि कमरेची, खांद्याची, मनगटाची दुखापत घेऊन दोन-चार महिने घरी बसलेले. मग एक दिवस ठेकेदाराचा नाहीतर वकिलाचा नाहीतर डॉक्टरचा कागद येतो की मॅडम, हा किती वजन उचलू शकते ते लिहून द्या. आणि त्याच्या पाठोपाठ फोन, "बघा मॅडम, नाटक तर नाई ना करून राह्यला?" आजकाल नवीन पोट्टे-पोट्टी क्लिनिक टाकून राह्यले आणि मला हेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. टेस्टमधून आपल्याला एवढंच कळते की आलेला आकडा खरोखर त्याची कमाल ताकद आहे का तिथं पोचायच्या आधीच तो थांबला. का थांबला हे टेस्ट सांगत नाही. दुखण्याची भीती असेल, समजलं नसेल, उपाशी असेल, डॉक्टरनं "जड उचलू नको" म्हटलं ते डोक्यात असेल, आणि हो, पैशासाठी मुद्दाम थांबला असं पण असेल. या सगळ्यांचा आकडा सारखाच दिसतो. "कमाल नाही" आणि "मुद्दाम थांबला" या दोन गोष्टी ज्याला वेगळ्या ठेवता येत नाहीत त्यानं टेस्ट घेऊच नये असं माझं मत आहे, कारण आपल्या एका ओळीवर माणसाची भरपाई लटकलेली असते. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्यापासून हाच प्रश्न विचारला जातो की कमाईची क्षमता किती टक्के गेली. तो टक्का डॉक्टर लिहितात, आपण नाई, पण डॉक्टर आपला कागद समोर ठेवूनच लिहितात.

सामान फार लागत नाही. मोठ्या शहरात लाखाच्या मशिनी आहेत, आपल्याकडे संत्र्याचे प्लास्टिक कॅरेट आहेत आणि ते लय भारी काम देतात कारण दोन्ही बाजूला पकड असते. सारख्या लांबी-रुंदीचे दोन कॅरेट घ्या, एक उंच आणि एक बुटकं, झाकण करून घ्या. अडीच-अडीच आणि पाच-पाच किलोच्या पिशव्या शिवून घ्या, पण इथं खरी मेख आहे, सगळ्या पिशव्या बाहेरून एकसारख्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे अडीचमध्ये भुसा आणि थोडी रेती, पाचमध्ये रेती आणि वेल्डिंगवाल्याकडचे लोखंडाचे तुकडे, असं करून फुगवटा सारखा ठेवायचा. पिशवीवर किलो लिहायचे नाहीत, आपल्यालाच कळेल असं चिन्ह टाकायचं. हमाल माणूस तीस वर्षं पोती उचलून राह्यला, त्याला नुसतं पाहून कळते किती किलो आहे, आणि एकदा आकडा कळला की डोकं काम करायला लागते, "पंधरा झाले, आता बस". हे खोटेपणानंच होते असं नाई बरं का, माझ्या भावालापण होते जिममध्ये. बाकी मग गुडघ्याच्या, कमरेच्या आणि खांद्याच्या उंचीला तीन फळ्या, घड्याळ, बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर, बीपी मशीन, आणि हाताची पकड मोजायचं डायनामोमीटर, जामर कंपनीच्या मशीनसारखं पाच खाचांचं, म्हणजे मूठ पाच वेगवेगळ्या रुंदीला लावता येणारं, असेल तर उत्तम.

आता दिवस कसा निवडायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी दोन वाजता टीनाच्या शेडखाली टेस्ट घेतली तर ती उन्हाची टेस्ट होते. सकाळी सात-आठला बोलवा. एकादशी नाई, उपास नाई, नाश्ता करून यायला सांगा. आणि खर्रा! हे कोणत्याच कॉलेजात शिकवत नाहीत. खर्रा तोंडात असला की तंबाखूनं नाडी वाढते, आणि मग तुम्ही नाडीवरून कष्ट मोजायला बसता तेव्हा सगळा हिशोब चुकतो. मी अर्धा-पाऊण तास आधी खर्रा बंद ठेवते आणि तोंड धुवायला लावते, त्याच्यावरून भांडणं पण झाली आहेत. बीपीच्या गोळ्या विचारा, ॲटेनोलॉल नाहीतर मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही आणि तुम्हाला वाटेल की पठ्ठ्यानं जोरच नाही लावला.

आपल्या भागात अजून दोन गोष्टी विचारायच्याच. एक सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात हा आजार भरपूर आहे, आणि अशा माणसाला पाणी कमी आणि कष्ट जास्त झाले तर अंगदुखीचा जोरदार झटका येऊ शकते, त्याची टेस्ट डॉक्टरच्या परवानगीशिवाय घेऊच नका. दुसरं हर्निया आणि हायड्रोसील, म्हणजे अंडकोषात पाणी भरणं. पूर्व विदर्भाच्या बऱ्याच भागात हत्तीरोग आहे त्यामुळे हायड्रोसीलवाले भरपूर, आणि कोणी सांगत नाही.

याच्यात मी स्वतः तोंडावर पडले आहे. सुरुवातीच्या वर्षात एक जिनिंगचा माणूस आला, कमरेच्या दुखापतीची केस. दर वेळी बारा किलोला थांबे. नाडी फारशी वाढली नाही, पाय फाकवले नाहीत, श्वास रोखला नाही, म्हणजे अंगात जोर लावल्याची एकपण खूण नाही. मी मोठ्या हुशारीनं कागदावर लिहिलं, प्रयत्न अपुरा. महिन्याभरानं तोच माणूस भेटला तर जांघेत हर्नियाचं ऑपरेशन करून आलेला. पोटाला ताण दिला की तिथं दुखे म्हणून तो ताणच देत नव्हता, आणि मी बाई असल्यामुळे मला सांगे कसा. तेव्हापासून माझा कंपाउंडर काका बाहेरच्या खोलीत हे प्रश्न विचारून घेतो आणि मगच पेशंट आत येतो. तो कागद मी नंतर दुरुस्त करून पाठवला, पण पहिला कागद फायलीत लागला तो लागलाच.

बीपी १६० वर १०० च्या वर असेल, पायाचा पंजा उचलता येत नसेल, लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल किंवा बसायच्या जागेवर बधिरपणा असेल, ताप असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर टेस्ट नाई, सरळ डॉक्टरकडे.

टेस्टच्या आधीचं बोलणं दहा मिनिटांचं असते आणि अर्धी टेस्ट तिथंच होऊन जाते. ठेकेदार, मुकादम, वकील, कोणी खोलीत नको. बायकोला बसू द्या, तिला काही त्रास नाही, उलट ती खरं बोलते. मी सांगते की दादा, तुम्ही आल्यापासून जाईपर्यंत मी पाहणार आहे, चप्पल कशी घालता, पाण्याचा कॅन कसा सरकवता, सगळं, आणि लिहिणार आहे. लपून पाहायची गरज नाही, सांगून पाहिलं तरी दिसायचं ते दिसतेच. मग सांगते की तुम्ही कधीपण थांबू शकता, पण थांबायच्या आधी मला सांगा कशामुळे, दुखलं म्हणून, थकले म्हणून, का भीती वाटली म्हणून. हे तीन शब्द वेगळे करून दिले की लोक खरंच वेगळं उत्तर देतात. एकजण म्हणाला, "मॅडम, दुखत नाई, पण मले काई झालं त घरी कोन पाहीन?" आता हा माणूस खोटारडा आहे का? तो घाबरलेला आहे, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

कष्ट किती वाटला हे विचारायला पुस्तकात शून्य ते दहाचं माप दिलेलं असते, बोर्ग नावाच्या शास्त्रज्ञाचं. आपल्याकडच्या पन्नाशीच्या माणसाला ते चालत नाही, पण आणे चालतात. "पूर्ण जोर म्हणजे सोळा आणे, आता किती आणे लागला?" लगेच उत्तर येते, "आठ आणे". जवान पोरांना आणे माहीत नाहीत, त्यांना शंभरातले किती विचारा. एकच माप शेवटपर्यंत ठेवा म्हणजे झालं.

आता उचलणं. एक जुनी आणि सोपी पद्धत आहे, मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेली, पाइल म्हणतात. जमिनीपासून कमरेपर्यंत म्हणजे शून्य ते ३० इंच, आणि मग कमरेपासून खांद्यापर्यंत म्हणजे ३० ते ५४ इंच. २० सेकंदात चार वेळा उचल-ठेव, मग वजन वाढवायचं. पुरुषाला १३ पौंडानं म्हणजे साधारण ६ किलोनं सुरुवात आणि दर वेळी १० पौंड म्हणजे साडेचार किलो वाढ, बाईला ८ पौंडानं सुरुवात आणि ५ पौंड वाढ. थांबायचं कधी, तर माणूस स्वतः थांबला, किंवा नाडी वयाच्या कमालीच्या ८५ टक्क्यांवर गेली, किंवा शरीराच्या वजनाच्या ५५ ते ६० टक्के झाले. नाडीची कमाल म्हणजे २२० मधून वय वजा, चाळिशीच्या माणसाची १८०, त्याचे ८५ टक्के १५३. मी आपल्या पिशव्यांच्या हिशोबानं ५ किलोपासून अडीच-अडीच किलो वाढवते आणि दोन पायऱ्यांमध्ये जास्त विश्रांती देते, त्यामुळे माझे आकडे पाइलच्या तक्त्याशी लावता येत नाहीत आणि मी लावत पण नाही. पद्धत बदलली की दुसऱ्याचा तक्ता वापरायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

पिशव्या टाकताना माणसाची पाठ आपल्याकडे ठेवा आणि क्रम दरवेळी सरळ चढता ठेवू नका, मधेच एकदा तेच वजन परत द्या, एकदा थोडं कमी करा. साडेसात किलोला चौदा आणे म्हणाला आणि पुढच्या वेळी दहा किलोला नऊ आणे म्हणाला, तर तो वजन मापून नाही तर अंदाज बांधून बोलून राह्यला.

आणि मग अंगाकडे पाहा. हा या कामाचा खरा गाभा आहे, बाकी सगळं याच्या मागं. हलकं वजन असलं की माणूस जसा उभा आहे तसाच उचलतो, श्वास चालू, बोलता बोलता उचलतो. वजन वाढलं की पाय आपोआप फाकतात, कॅरेट पोटाजवळ येतं, गुडघे जास्त वाकतात, खांद्याच्या वरचे मानेकडचे स्नायू टरारतात, वेग मंदावतो. अजून वाढलं की श्वास रोखला जातो, मानेच्या शिरा दिसतात, चेहरा लाल, हनुवटीखालचे पट्टे ताठ होतात, वर नेताना कंबर मागे कलते, आणि मग एक वेळ अशी येते की उचलण्यावरचा ताबा सुटायला लागतो, झटका मारून उचलतो, ठेवताना आपटतो. तिथं तुम्हीच थांबवायचं, तो "अजून टाका" म्हणाला तरी. हे बदल असे पायरी-पायरीनं येतात आणि ते ठरवून याच क्रमानं करणं कठीण असते, कारण शरीर ते आपणहून करते. जो सोळा आणे सांगून थांबला पण पाय आहे तिथंच, श्वास सुरळीत, कॅरेट अंगापासून दूर, त्याचं अंग अजून हलक्या-मध्यम पायरीवरच आहे. म्हणजे आकडा कमाल नाही.

याच्या उलट चित्र पण ओळखा. वजन हातात यायच्या आधीच चेहरा वेडावाकडा, पूर्ण अंग थरथर, दोन्हीकडचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढून धरलेले म्हणून हात अडकत-अडकत वर जातो. खरा कमजोर स्नायू हळूहळू हार मानतो, असा धरला-सोडला, धरला-सोडला करत नाही. पण दुखणारा स्नायू मात्र करतो! एकदम कळ आली की हात सुटतोच. म्हणून एका खुणेवर उडी मारायची नाही.

नाडीचा हिशोब सोबत चालू ठेवा. बसल्यावर ७८, दहा किलोला ९२, पंधराला ९४ आणि थांबला सोळा आण्यांवर, तर आणे आणि नाडी जुळत नाहीत. बसल्यावर ७८ आणि पंधराला १२८ असेल तर निदान अंगाला कष्ट झाला एवढं नक्की. नुसत्या नाडीवर काहीच लिहू नका, घाबरलेल्याची नाडी खुर्चीवर बसल्या-बसल्या ११० असते.

मग वीस मिनिटं विश्रांती, चहा. आणि परत पहिल्यापासून, पण या वेळी दुसरं कॅरेट, त्याच लांबी-रुंदीचं आणि त्याच उंचीवर पकड असलेलं पण उंचीनं बुटकं. डोळ्याला लहान दिसणारी वस्तू त्याच वजनाची असली तरी हाताला जड लागते, हा माणसाच्या डोक्याचा जुना खोडसाळपणा आहे. ज्याचं अंग खरोखर थांबते तो दोन्ही कॅरेटला जवळपास त्याच किलोवर थांबते. जो "एवढं जड लागलं की थांबायचं" असं मनात धरून बसला आहे तो बुटक्या कॅरेटला आधी थांबायची शक्यता असते. पहिल्या फेरीत १७.५ आणि दुसऱ्यात १५, हे मी ठीक धरते. पहिल्यात २० आणि दुसऱ्यात १०, मग प्रश्न आहे, पण पहिल्या फेरीनं कंबर भरून आली का हे विचारल्याशिवाय तो प्रश्न त्याच्यावर ढकलायचा नाही.

हाताच्या पकडीचं थोडक्यात सांगते पण गणित नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त गैरवापर याचाच होतो. तीन वेळा दाबायला लावतात, सरासरी काढतात, मग आकडे सरासरीपासून किती विखुरले (स्टँडर्ड डेव्हिएशन) ते काढून ते सरासरीच्या किती टक्के हे पाहतात, आणि १५ टक्क्यांच्या वर गेला की म्हणतात जोर लावला नाही. समजा २२, ३१, २५ किलो आले. सरासरी २६, विखुरणं साडेचार किलोच्या वर, टक्का जवळपास १८. नापास. आता ३०, ३२, ३१ घ्या, सरासरी ३१, विखुरणं १ किलो, टक्का ३. पास. पण आता खरोखर कमजोर हात घ्या, ६, ८, ७. विखुरणं तेच १ किलो, पण सरासरी ७ असल्यामुळे टक्का १४ च्या वर. मनगट मोडलेला बिचारा नापास व्हायच्या काठावर आणि धडधाकट आरामात पास. आणि अजून एक, मुद्दाम अर्धाच जोर लावणारा हुशार माणूस १४, १५, १४ देतो, टक्का ४, एकदम पास! म्हणून १५ टक्क्यांची रेघ पाहून कोणी तुम्हाला कोणाला खोटं ठरवायला सांगितलं तर हे चार हिशोब त्यांच्या समोर मांडा.

पाच खाचांवर दाबायला लावलं तर पूर्ण जोर लावणाऱ्याचे आकडे दुसऱ्या-तिसऱ्या खाचेला सगळ्यात जास्त येतात आणि दोन्हीकडे उतरतात, घंटीसारखा आकार. अर्धवट दाबणाऱ्याची रेघ सपाट येते. पण खरंच कमजोर हाताची पण बरीच सपाट येते. मग उजवा-डावा-उजवा-डावा असं पटापट दाबायला लावा, विचार करायला वेळ मिळत नाही. खऱ्या जोराचा आकडा घाईत तेवढाच राहतो नाहीतर थोडा उतरतो, आधी राखून दाबणाऱ्याचा घाईत वाढतो. कमरेच्या केसमध्ये पकड पाहायचा एक फायदा आहे, हाताला काही झालेलंच नाही, तरी पकड ५ किलो आली तर विचार करायला जागा आहे. दुखावलेल्या मनगटाच्या केसमध्ये हा फायदा नाही.

कमरेवाल्यांना वॅडेलच्या खुणा पण बरेच जण लावतात. गॉर्डन वॅडेल हे स्कॉटलंडचे सर्जन, त्यांनी १९८० मध्ये पाच प्रकारच्या खुणा सांगितल्या, जसं वरवर हात लावला तरी दुखणं, डोक्यावर हलका दाब दिला तरी कमरेत कळ, झोपून पाय उचलताना दुखतो पण बसल्यावर गप्पा मारत गुडघा सरळ केला तर दुखत नाही. पाचपैकी तीन आल्या की लोक लगेच नाटक म्हणतात. खुद्द वॅडेल यांनीच १९९८ च्या लेखात लिहिलं की या खुणा खोटेपणाची परीक्षा नाहीत. ज्याच्या मनाला दुखण्यानं पार पोखरलं आहे त्याच्यात पण त्या येतात. मी त्या पाहते, लिहिते, पण जोर लावला का नाई या रकान्यात त्यांना जागा देत नाही.

आता कामाशी जुळवणी, कारण शेवटी प्रश्न "कामावर जाऊ शकते का" हाच असतो. इथं शहरातल्या पद्धती आपल्याकडे फसतात. हमाल ५० किलोचा कट्टा एकटा जमिनीवरून उचलतच नाही, दोघं देतात, तो पाठीवर घेतो आणि फळीवरून चालतो. जमिनीवरून कमरेपर्यंत १५ किलो उचलणारा माणूस पाठीवर ३० घेऊन चालू शकते, आणि असं दिसलं म्हणजे तो आधी खोटं उचलत होता असं होत नाही, ते वेगळं काम आहे. म्हणून पाठीवरचं, डोक्यावरचं, ओढायचं-ढकलायचं, जे त्याचं काम आहे ते वेगळं तपासा, कमी वजनानं आणि दहा पावलं. आणि सामान्य माणसाला काय झेपते याची पण जाण ठेवा. अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं १९९१ मध्ये सुधारलेलं सूत्र सगळं काही मनासारखं असताना दोन हातांनी २३ किलो धरते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६७ ची शिफारस एका पुरुषाला ५५ किलोच्या वर वाहायला लावू नये म्हणते. सिमेंटची गोणी ५०, युरियाची ४५. म्हणजे आपल्याकडचं रोजचं वजन आधीच काठावरचं आहे. दुखापतीनंतर चार महिन्यांनी कोणी ५० ला थांबला तर त्याला कमी जोर लावला असं म्हणणाऱ्यानं एक कट्टा स्वतः उचलून दाखवावा.

उलटा प्रकार पण सांगते जो पुस्तकात अर्ध्या ओळीत असतो आणि माझ्याकडे दर महिन्याला येतो. जास्तीचा जोर. मॅडमसमोर कमी कसा पडू. किंवा हंगाम सुरू झाला आहे, कापूस यायला लागला, नाव कटलं तर रोजी गेली. "अजून टाका मॅडम, एवढ्यानं काय होते!" दात ओठ खाऊन उचलते आणि घरी जाऊन तीन दिवस पडून राहते. कमी जोर शोधायला बसलेल्यांना हा दिसतच नाही. याची खूण म्हणजे अंग पूर्ण कमाल पायरीवर आहे, कंबर वाकडी होऊन राह्यली, आणि तोंड सांगते "सहा आणे". त्याचा आकडा जसाच्या तसा लिहिला तर तो कामावर जाऊन परत मोडतो. शेवटचं वजन ज्या पायरीला अंग सरळ आणि ताबा पूर्ण होता तेच लिहायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचा, सगळ्यांनाच. रात्री झोप लागली का, उठताना कसं होतं. मांड्या-खांदे भरून आले असतील तर जोर लावला होता, पायात मुंग्या वाढल्या असतील तर आपण जास्त उचलायला लावलं.

कागद लिहिताना शब्द जपून वापरा. ढोंगी, नाटकी, खोटा, असहकार, हे शब्द नाहीत. मी साधारण असं लिहिते, "जमिनीपासून कमरेपर्यंत १५ किलो सुरक्षितपणे उचलले. स्वतःहून थांबले, कारण दुखण्याची भीती असं सांगितलं. थांबताना अंगावर जास्त कष्टाच्या खुणा नव्हत्या, नाडी ९४. दोन फेऱ्यांत फरक आढळला. म्हणून १५ किलो ही किमान क्षमता समजावी, कमाल क्षमता या टेस्टमधून ठरवता आली नाही." एवढंच. ठेकेदाराला हे आवडत नाही, वकिलाला पण आवडत नाही, दोघांनाही हो नाहीतर नाही पाहिजे असते. आणि कागद देण्याआधी तो पेशंटला मराठीत वाचून दाखवा. दोन-तीन वेळा असं झालं की "स्वतःहून थांबले" ऐकून माणूस म्हणाला, मॅडम, अजून एकदा घ्या. मग भीतीवर दोन-तीन आठवडे काम करून, रोज थोडं-थोडं वजन वाढवत, परत टेस्ट घेतली आणि आकडा वर गेला. पहिल्या कागदावर खोटा लिहिलं असतं तर तो परत आलाच नसता.

पिशव्या मात्र महिन्यातून एकदा काट्यावर तपासत जा. पावसाळ्यात भुशाला आणि रेतीला ओल धरते आणि अडीच किलोची पिशवी पावणेतीन भरते, मागच्या श्रावणात माझ्या सहा पिशव्या अशा निघाल्या. आता आतून प्लास्टिक लावून घेतलं आहे, आणि कॅरेटसकट पूर्ण भरलेलं वजन पण काट्यावर घेते, कारण रिकाम्या कॅरेटचं वजन मोजायला मी पहिली दोन वर्षं विसरले होते.